पांडवर मनी, पांडवांची घरं

(गावच्या वाचनालयात तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, वाक्यं फक्त थोडी सावरली आहेत.)



आज मी दगडांवर बोलणार आहे, पण घडवलेल्या दगडांवर नाही. किल्ला, देऊळ, शिलालेख, वीरगळ यांच्यावर बोलणारी माणसं भरपूर आहेत, आणि त्यातलं निम्मं तुम्ही फोनवर वाचलेलं असणारच. मी बोलणार आहे माळावरच्या दगडांच्या राशीबद्दल. मोठमोठ्या धोंड्यांचं एक रिंगण, आत दगड, माती, मुरूम यांचा उंचवटा, वर चार घाणेरीची झुडपं. शेरडं त्याच्यावर चढून बसतात. त्याच्यावर अक्षर नाही, मूर्ती नाही, शेंदूरही बहुतेक नाही. शेजारून रोज जाणाऱ्यालासुद्धा ते माणसानं रचलेलं आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याच्यात बोलण्यासारखं काय? तर एवढंच, की अशा राशी आणि त्यांचीच भावंडं म्हणावीत अशा दगडी खोल्या आपल्या मुलखात आणि आजूबाजूला शेकड्यांनी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी एकच प्रश्न विचारलाय: हे कुणी केलं? उत्तरं मात्र वेगवेगळी आहेत. मला त्या उत्तरांमध्ये रस आहे.

जवळच्यापासून सुरुवात करू. गोकाक तालुक्यात घटप्रभेच्या काठी कोण्णूर आहे. गोकाकचा धबधबा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, पावसाळ्यात तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथून कोण्णूर अगदी जवळ. त्या भागात दगडी फरश्यांच्या छोट्या खोल्या आहेत. बाजूंना उभ्या फरश्या, वर एक आडवी, झालं. १८८४ साली छापलेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे, म्हणजे त्या काही काल सापडलेल्या नाहीत. मी गेलो तेव्हा बरोबर माझा एक मित्र होता, घरी कन्नड बोलणारा. आम्ही वाकून वाकून बघत होतो, तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारबाबा आले. "एन् नोडाकत्तीरी?" म्हणजे काय बघताय. मित्रानं विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, "पांडवर मनी री." आणि पुढं गेले. त्यांच्या दृष्टीनं त्याच्यात सांगण्यासारखं एवढंच होतं.

पांडवर मनी. पांडवांची घरं. माझी आज्जी असल्या दगडांना हेच म्हणायची, मराठीत. दोन्ही भाषांत शब्दाला शब्द ठेवलेला. कुणी कुणाकडून घेतलं, हे विचारण्यात अर्थ नाही. ज्या माणसांचा बाजार एक, यात्रा एक, मेंढरांची वाट एक, त्यांच्याकडं गोष्टही एकच असणार की.

पण पांडवच का? वनवासात होते, सगळीकडं हिंडले, भीम मोठाले दगड उचलू शकत होता. हे झालं गोष्टीतलं कारण. खरं कारण मला नाशिकला कळलं. तिथल्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. ती बौद्ध लेणी आहेत, आणि कुणी करवली, कुणी दान दिलं, हे भिंतीवर कोरून ठेवलंय. सातवाहनांची नावं आहेत, क्षत्रपांची आहेत. पण ती ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलंच नव्हतं. जेम्स प्रिन्सेपनं १८३७ मध्ये ब्राह्मीचा उलगडा पुरा केला, तोपर्यंत शेकडो वर्षं माणसं त्या अक्षरांसमोर उभं राहून "पांडवांनी केलं" म्हणत होती. करणाऱ्याचं नाव विसरलं की आपल्याकडं पांडव येतात. नाशिकला निदान अक्षरं होती. कोण्णूरच्या दगडांवर वाचायलाही काही नाही.

आता पूर्वेकडं जाऊ. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीजवळ हिरेबेनकल नावाचं गाव आहे. पूर्वीचं निजामाचं राज्य. त्याच्या डोंगरावर या दगडी खोल्यांची अख्खी वस्तीच आहे, चारशेच्या आसपास. काही माणसापेक्षा उंच. काहींच्या एका फरशीला गोल भोक पाडलंय, खिडकीसारखं. तिथं एका मोठ्या धोंड्यावर अर्ध्या गोळ्यासारखा एक दगड ठेवलाय, तो वाजवला की नगाऱ्यासारखा लांबवर ऐकू जातो. २०२१ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. तिथले लोक पांडवांचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात ही मोर्यांची घरं, आणि डोंगराला म्हणतात मोर्येर गुड्डा. कोण हे मोर्ये? बुटकी माणसं. अगदी वीतभर-हातभर म्हणावीत एवढी बुटकी, पण ताकद अशी की हे धोंडे त्यांनी उचलून लावले.

हसू नका. जरा त्या खोलीसमोर उभं राहून विचार करा. एवढ्याशा भोकातून मोठा माणूस जाणार कसा? म्हणजे राहणारा बुटका. वरची फरशी दहा जणांना हलणार नाही. म्हणजे राहणारा जबरदस्त ताकदीचा. दोन्ही गोष्टी समोर दिसतायत, आणि दोन्हींना एकदम बसेल असं उत्तर कुणीतरी शोधलं. चुकीचं असेल, पण दगड न बघता दिलेलं नाही.

आणखी वर जाऊ, विदर्भात. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणी आहे. तिथं खोल्या नाहीत. तिथं मी सुरुवातीला सांगितल्या तशा राशी आहेत, धोंड्यांचं रिंगण आणि आत ढीग. तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे केलेत, ओळीनं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खणून बघितलं. तिकडं लोक काय म्हणतात? हे गवळ्यांचं. गवळी राजांचं.

हे मला बरेच दिवस कोड्यात टाकत होतं. इकडं पांडव, तिकडं बुटके, आणि एकदम गवळी कुठून आले? मला सुचलेलं उत्तर सांगतो, ते माझं आहे, कुणा पंडिताचं नाही. गोकाकच्या बाजूला खडक वाळूचा, थराथरानं फुटणारा, त्याच्या सपाट फरश्या निघतात. हिरेबेनकलला ग्रॅनाइट, त्याचेही पापुद्रे सुटावेत तशा फरश्या सुटतात. फरश्या मिळाल्या की माणूस खोली बांधतो, आणि खोली दिसली की बघणाऱ्याला घर आठवतं. मग घर कुणाचं? पांडवांचं, मोर्यांचं. जुनापाणीला काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीसारखाच. त्याची फरशी निघत नाही, गोटे निघतात. गोट्यांचं रिंगण होतं. आणि गोट्यांचं रिंगण बघून गुराखी माणसाला काय आठवणार? गुरं कोंडायचा वाडा. म्हणून गवळी. मला तरी असं वाटतं, की गोष्ट आधी दगडातून येते, पुराणातून नंतर.

बरं, आत खरं काय आहे? थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला पुस्तकांत मिळेल. ही थडगी आहेत, किंवा मेलेल्यांची आठवण म्हणून रचलेल्या जागा. राशीखाली खड्डा, किंवा फरश्यांची पेटी. आत काळी-तांबडी मडकी, लोखंडाची हत्यारं, काही हाडं. हाडं पुष्कळदा पुऱ्या देहाची नसतात. देह आधी उघड्यावर किंवा दुसरीकडं ठेवून मागाहून गोळा केलेली असावीत. काही ठिकाणी हाडंच नाहीत, नुसती मडकी. लोखंड वापरणाऱ्या, इसवी सनाच्या आधीच्या हजारभर वर्षांतल्या माणसांचं हे काम. विदर्भात शां. भा. देवांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथं उत्खननं केली. माहूरझरीला माणसाबरोबर घोडा पुरलेला मिळाला, तोंडावर तांब्याचा साज घातलेला. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. घोड्याला साज घालून पुरणारी माणसं, म्हणजे कुणीतरी रडलं असेल तिथं. मला ते मडक्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं. दक्षिणेकडच्या दगडी खोल्यांवर ए. सुंदर यांचं १९७५ चं इंग्रजी पुस्तक आहे, ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ते मिळवावं.

म्हणजे पांडव खोटे, बुटके खोटे, गवळी खोटे, आणि पंडित खरे? इथं थोडं थांबा, कारण पंडितांचीही एक गंमत आहे.

फिलिप मेडोज टेलर हे नाव लक्षात ठेवा. निजामाच्या चाकरीतला इंग्रज. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ ला आली आणि विलायतेत गाजली. नंतर 'तारा' नावाची कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. १८४१ पासून बारा वर्षं तो सुरपूरच्या बेरड संस्थानाचा कारभार बघत होता, नंतर नळदुर्ग जिल्ह्यावर होता. हिरेबेनकलची पहिली नोंद त्याचीच, १८३५ ची. त्यानं भीमेकाठी जेवर्गीजवळच्या राशी खणल्या आणि खणताना मातीचे थर कागदावर काढून ठेवले. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरनं त्याची त्याबद्दल वाखाणणी केली, कारण त्या काळात असं कुणी करत नव्हतं. काही सांगाड्यांची डोकी वेगळी ठेवलेली त्याला मिळाली, त्यावरून त्यानं नरबळीचा तर्क केला.

असा हा काटेकोर माणूस. बुटक्यांची गोष्ट त्यानं ऐकून लिहून ठेवली, पण त्याचं स्वतःचं मत काय? या राशी आपल्या मायदेशातल्या राशींसारख्याच दिसतात, म्हणजे त्या करणारे सिथियन आणि ड्रुइड यांच्यापैकी असणार. लेखाच्या मथळ्यातच त्यानं तसा शब्द घातलाय, 'सिथो-ड्रुइडिकल'. आता ड्रुइड म्हणजे विलायतेतले जुने पुरोहित. तिकडच्या प्रत्येक जुन्या दगडाचा कर्ता ड्रुइड, अशी त्या काळच्या शिकलेल्या इंग्रजांची समजूत होती. ती तिकडंसुद्धा खोटी ठरली, स्टोनहेंज ड्रुइडांच्या कितीतरी आधीचं निघालं. त्याच्याआधी तिकडचे लोक म्हणायचे की ते दगड राक्षसांनी आणलेले. म्हणजे बघा, तिकडं राक्षस, इकडं बुटके. आणि साहेबानं बुटके बाजूला ठेवून आपले पांडव आणले, फक्त त्यांना ड्रुइड म्हटलं.

व्हीलरनंही १९४७ ला ब्रह्मगिरीला खणून या थडग्यांची जी तारीख बांधली, ती पुढं मागं सरकवावी लागली. हल्लूरच्या कार्बन-तारखांनी दक्षिणेतलं लोखंड इसवी सनापूर्वी हजारच्या आसपास नेलं. हे मी पंडितांना हसायला सांगत नाही. ते खणतात, चुकतात, तारीख बदलतात, ते त्यांचं कामच आहे. मेंढरं राखणाऱ्या म्हातारबाबाला अडाणी म्हणायच्या आधी एवढं आठवावं, म्हणून सांगतोय.

आता जरा नाजूक विषय. तुम्ही सीमाभागातली पोरं आहात. पाटी कुठल्या भाषेत, अर्ज कुठल्या भाषेत, शाळा कुठल्या भाषेत, हे तुमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. त्यामुळं जुनं काही दिसलं की पहिला प्रश्न मनात येतो, हे आपलं की त्यांचं. येणारच. आणि मोर्येर हा शब्द ऐकल्या ऐकल्या तुमच्यापैकी दोघांच्या तरी डोक्यात 'मोरे' आलं असेल. कोकणात मौर्य नावाचं घराणं होऊन गेलं, मोरे आडनावाचा संबंध काही अभ्यासक मौर्यांशी लावतात, हे खरं आहे. पलीकडचा कुणी म्हणेल, अशोकाचे शिलालेख कोप्पळला आहेत, ब्रह्मगिरीला आहेत, मस्कीला आहेत, तेव्हा मोर्येर म्हणजे सम्राट मौर्य. दोन्ही मजकूर फिरायला बरे आहेत. पण यातल्या बऱ्याच खोल्या आणि राशी अशोकाच्याही आधीच्या, आणि मराठी म्हणा, कन्नड म्हणा, आज आपण बोलतो त्या भाषांचं एक अक्षरही तेव्हा कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्यांची थडगी आहेत ती माणसं कुठली भाषा बोलत होती, ते दगड सांगत नाहीत.

आणि खरं सांगू का, गोष्टींनी हा वाद आधीच मिटवलेला आहे. इतक्या ठिकाणच्या इतक्या गोष्टी, पण त्यांतली एकही "हे आमच्या आजा-पणजानं रचलं" असं म्हणत नाही. पांडव म्हणजे पाहुणे, वनवासाला आलेले. मोर्ये म्हणजे आपल्यासारखे नसलेले, निघून गेलेले. गवळी म्हणजे आज इथं, उद्या तिथं. कन्नड बोलणाऱ्यानं, मराठी बोलणाऱ्यानं, सगळ्यांनी एकच सांगितलं, की हे आमच्या आधीच्यांचं आहे. आमचं नाही म्हणतच त्यांनी ते पिढ्यान् पिढ्या राखलं. नांगर धरताना राशीला वळसा घातला, तिच्यावर घर बांधलं नाही, पोरांना तिन्हीसांजेला तिकडं जाऊ दिलं नाही. १८८४ ला कोण्णूर मुंबई इलाख्यात होतं, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. एवढ्या सगळ्यात त्या राशींची राखण केली ती या गोष्टींनी.

ती राखण आता सुटत चाललीय, मला त्याची काळजी आहे. खडी क्रशरला दगड म्हणजे दगड. जेसीबीला अर्धा तास पुरतो. प्लॉट पाडताना "हा ढीग काढा" म्हटलं की संपलं, कारण कुणाला वाटतच नाही की काही मोडलंय. देऊळ पाडलं तर गाव गोळा होतं, रास काढली तर कुणी वर मान करून बघतसुद्धा नाही. जुनापाणीला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, पण प्रत्येक माळावर खातं कुठून येणार? आणि दुसरा शत्रू म्हणजे गुप्तधन. राशीखाली सोनं असतं असं कुणीतरी सांगतं आणि अमावास्येला खणाखणी होते. आत गंजकं लोखंड आणि मडक्याचे तुकडे. ज्याला खरंच काही सापडेल त्यानं हेही लक्षात ठेवावं, की १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावंच लागतं.

तिसरा प्रकार तुमच्याच वयाचा आहे, रागावू नका. डोंगरावर जाऊन दगडावर दगड रचून फोटो काढायचा. दिसतं छान. पण ते दगड कुठून घेता? जुन्या राशीवरचे सगळ्यांत हाताशी असतात ना.

मग करायचं काय, असं कालच एकीनं विचारलं. माझं उत्तर साधं आहे. आपल्या गावचा, आजोळचा, मावशीच्या गावचा माळ बघा. धोंड्यांचं रिंगण, मध्ये उंचवटा, किंवा उभ्या फरश्या दिसल्या तर हात लावू नका, चारी बाजूंनी फोटो घ्या, फोनवर जागेची खूण करून ठेवा, सर्वे नंबर कळला तर लिहा. आणि मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत. ते जो शब्द वापरतील तोच लिहा, त्याचं मराठी करू नका, शुद्ध करू नका. 'मनी' म्हणाले तर 'मनी' लिहा, 'मने' नको. "पांडव नव्हते हो आज्जी, लोहयुग होतं" हे तर अजिबात सांगू नका, नाहीतर आज्जी पुढचं सांगायची बंद होईल. पुढचंच महत्त्वाचं असतं: तिथं नारळ कुणी फोडतं का, तिथून जाताना कुणी दगड टाकतं का, तिथं काय करायचं नाही. गोष्ट दोन घरांत वेगळी निघाली तर दोन्ही लिहा.

मी स्वतः अशी एक वही ठेवलीय. तिच्यात आतापर्यंत सात गावं झालीत, त्यातल्या दोन राशी आता जागेवर नाहीत, फक्त वहीत आहेत. एका ठिकाणी मराठी म्हातारीनं मला कन्नड नाव सांगितलं आणि पलीकडच्या घरच्या कन्नड म्हाताऱ्यानं मराठी नाव. विचारलं तर दोघंही म्हणाले, आमच्यात असंच म्हणतात.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आपण कोण्णूरला निघतोय. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याकडं नाव द्या. टोपी आणा, पाणी प्रत्येकी दोन लिटर, भाकरी बांधून घ्या, तिथं जवळ हॉटेल नाही. खुरपं, हातोडी, कुदळ काही आणायचं नाही. ज्याला कन्नड चांगलं येतं त्यानं पुढच्या गाडीत बसायचं, कारण वाट विचारत जावं लागणार आहे.